तळपाय बघणारा माणूस

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा शेजारी फराळाचं ताट असणार. चकली मोडत मोडत दिवाळी अंक चाळायचा ही आपली जुनी रीत. अशा वेळी, ज्याने जन्मभर मधुमेहाच्या जखमा धुतल्या त्या माणसाला लिहायला बसवणं हा एकतर संपादकांचा खट्याळपणा असावा, नाहीतर त्यांची स्वतःची शुगर वाढलेली असावी. मी त्यांना तसं विचारलंही. ते हसले आणि त्यांनी विषय बदलला. शुगर वाढलेली माणसं हेच करतात.

मी ड्रेसर. महाडच्या सरकारी दवाखान्यात जखमांवर पट्टी करणारा. डॉक्टर चिठ्ठीवर दोन ओळी लिहितात आणि पेशंट व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत माझ्याकडे येतो. कात्री, चिमटा, सलाईनचं पाणी, कापसाचे बोळे आणि एक लाकडी स्टूल एवढाच माझा सरंजाम. खेड्यांतली माणसं मला 'पट्टीवाले' म्हणत आणि माझं खरं नाव त्यांच्यापैकी बहुतेकांना माहीत नव्हतं. एकतीस वर्षं हे काम केलं, आता निवृत्त आहे.

सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे सगळ्या प्रकारच्या जखमा यायच्या. कोयतीने कापलेलं बोट, कुत्र्याने धरलेली पोटरी, हायवेवर मोटारसायकलवरून पडून सोललेला गुडघा. शुगरचा पाय महिन्यातून एखादा. शेवटच्या वर्षांत मात्र सकाळी खोली उघडायला जावं तर बाकावर ओळीने पायच बसलेले असत, फडक्यात गुंडाळलेले. पुराच्या वर्षी तर गाळातून अनवाणी फिरलेले इतके पाय आले की मला माणसांची तोंडं आठवत नाहीत, पाय आठवतात.

हे प्रकरण काय असतं ते साध्या भाषेत सांगतो. रक्तात साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की ती बारीक नसा मारते. डोळ्यातल्या, मूत्रपिंडातल्या, पायातल्या. पायाची नस मेली की पाय दुखायचा थांबतो. आणि दुखत नाही म्हणजे बरं आहे, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. त्यामुळे माझ्या धंद्यातला नियम सगळा उलटा. पट्टी सोडताना शिव्या घालणारा पेशंट आला की मी निर्धास्त. मी चिमट्याने मेलेलं मांस काढतोय आणि समोरचा माणूस मला तांदळाचा भाव विचारतोय, असं झालं की मी चिमटा ठेवून डॉक्टरांना बोलवायला जायचो.

बिरवाडीत खोली घेऊन राहणारा एक कारखान्यातला कामगार होता. चाळिशीचा, अंगाने दणकट, बायकामुलं गावी. पाळी सुटल्यावर आला तो हसतच. "बुटात काहीतरी ओलं लागतंय," म्हणाला. मी त्याचा सेफ्टी बूट काढून उलटा केला तर आतून लोखंडी नट पडला, अंगठ्याच्या पेराएवढा. आठ तास तो त्या नटावर उभा होता. टाचेला खड्डा पडला होता आणि हा मला विचारतोय, उद्या कामावर जाऊ ना म्हणून. आपल्याला शुगर आहे हे त्याला माझ्या खोलीतच कळलं. त्यावर त्याचा पहिला प्रश्न, "मी चहात साखर कमीच घेतो, मग कशी झाली?" मी म्हटलं, तुझा ढीगभर भात, पाळीत प्यालेल्या थंड बाटल्या, सुटलेलं पोट, हे कुठे धरतोस? घरात कुणाला होती का? "आईला होती. पण ती म्हातारपणाने गेली." कितव्या वर्षी गेली, विचारलं. "चोपन्नाव्या," म्हणाला.

दुसरे आमच्या शहरातलेच एक निवृत्त मास्तर. तपासणीची तारीख जवळ आली की त्यांचा चार दिवस भात बंद, सकाळी कारल्याचा रस, चवदार तळ्याला दहा फेऱ्या. रिपोर्ट चांगला आला की दवाखान्यातून थेट मिठाईच्या दुकानात. मी एकदा म्हटलं, "मास्तर, जन्मभर पोरांना कॉपी करू दिली नाहीत, आणि आता हे?" त्यांना राग आला. पुढे डॉक्टरांनी तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी लिहून दिली. त्या तपासणीपुढे चार दिवसांचं कारलं चालत नाही. मास्तर पकडले गेले आणि त्यांनी दवाखान्यात यायचंच सोडून दिलं. वर्षभराने आले ते घोट्याजवळ जखम घेऊन, सुनेच्या हाताला धरून, कारण एका डोळ्याने दिसायचं बंद झालं होतं. मी पट्टी करत असताना हळूच म्हणाले, "प्रश्नपत्रिका आधीच हातात होती, तरी नापास झालो." 

एक गोष्ट सांगायला हवी. जखम धुवायची तर पाय मांडीवर घ्यावा लागतो. मी स्टुलावर बसायचो आणि पेशंट उंच टेबलावर. आपल्याकडे कुणी पायाला हात लावला की माणूस अवघडतो. म्हाताऱ्या बायका प्रत्येक वेळी मला उलट नमस्कार करायच्या. काही म्हातारे वेगळ्या कारणाने अवघडायचे, आणि महाडच्या माणसाला ते कारण समजावून सांगावं लागत नाही. माझ्या आजोबांना ज्या ओट्यांची पायरी चढता आली नाही, त्या ओट्यांवरचे पाय माझ्या मांडीवर आले.  अशा दिवशी मी पट्टी जरा जास्तच चोख बांधायचो.

असे हजारो पाय बघून मला एक प्रश्न विचारायची सवय लागली. डॉक्टर विचारतात, गोळ्या घेता का, खाता काय. मी विचारायचो, "घरी कोण कोण असतं?" लोकांना वाटायचं, पट्टीवाले सोयरीक जमवतायत. पण त्यात हिशेब होता. ज्याचा पाय बधिर झालाय त्याला जखम झालेली कळत नाही, ती बघावी लागते. आता तुम्ही स्वतःचा तळपाय बघायचा प्रयत्न करा, अंक खाली ठेवून. तिशीचे असाल तर जमेल. साठीला, पोट आणि गुडघे मध्ये असताना, नजर मंद असताना, जमत नाही. तळपाय बघायला दुसरं माणूस लागतं. आणि आमच्या भागात, पोलादपूरच्या वरच्या वाड्यांमध्ये, नेमकं तेच कमी आहे. पोरं मुंबईला, वसईला, सुरतेला. घरांना कुलपं. एका घरात एक म्हातारा आणि दोन पाय.

गणपततात्या त्यातलेच. मुंबईत पुस्तकबांधणीच्या कामात त्यांची उमेदीची वर्षं गेली. बायको वारल्यावर मुलगा वसईला नेत होता, पण हे वाडीवर परत आले. पहिल्यांदा माझ्याकडे आले ते शिमगा उरकल्यावर. देवीच्या पालखीला अनवाणी खांदा द्यायची रीत, तशी तात्यांनीही सत्तरीत दोन पावलं पालखी नाचवली होती. त्यात काचेचा तुकडा तळपायात शिरला आणि पाच दिवस आतच राहिला. "पाय तर कधी इतका हलका वाटला नव्हता," म्हणाले. फडकं सोडायच्या आधी वासावरूनच मला कळलं. मोठ्या दवाखान्यात दोन बोटं कापावी लागली. नंतर तीन महिने एसटीने खाली येऊन माझ्याकडे पट्टी करून घेत होते.

डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं, या पायाला आता दुसरी मोठी जखम झाली तर पाय गुडघ्याखाली जाईल. तात्यांनी ते शांतपणे ऐकलं आणि माझ्या खोलीत आल्यावर बोलले. "रस्ता घरापत्तूर नाय येत. साठ पायऱ्या हायत. एका पायावर मी वर ऱ्हाऊ कसा? मग वसई. पोराची एकच खोली हाय. तिथं गेलो की मी संपलो." पाय म्हणजे त्यांचं घर, असा सरळ मामला होता.

मी माझा प्रश्न विचारला. घरी कोण? कोणी नाही. आरसा जमिनीवर ठेवून त्यात तळपाय बघायचा, ही आमची नेहमीची युक्ती. मी एक आरसा दिला. पुढच्या खेपेला म्हणाले, "काळं दिसतं. पन मला समदंच काळं दिसतंय." शुगर डोळ्यातही गेली होती.

"शेजारी कोणी?"

"भाऊ हाय. लक्षुमन."

"मग झालं की."

"बोलणं नाय आमचं. नऊ वर्सं."

कारण ऐकून परक्याला हसू येईल, कोकणातल्या माणसाला येणार नाही. शिमग्यात पालखी घरोघर येते. त्यांच्या घराच्या अंगणात ती कुणाच्या हातून पुजली जायची, हा मानाचा प्रश्न. तात्या मुंबईत असताना तीस वर्षं धाकट्या लक्ष्मणने तो मान सांभाळला. तात्या परत आले आणि म्हणाले, मोठा मी. त्या वर्षी पालखी अंगणात तिष्ठत राहिली, दोघंही आरतीचं ताट घेऊन उभे. त्याच उन्हाळ्यात घराच्या मधोमध भिंत चढली.

मी एका रविवारी वाडीवर गेलो. पोलादपूरपर्यंत एसटी, पुढे जीप, मग त्या साठ पायऱ्या. घरं तिसेक, चुली पेटणारी सहा-सात. लक्ष्मण अंगणात बसून कुंपणासाठी कळकाचे बांबू फोडत होता. तात्यांपेक्षा सात-आठ वर्षांनी लहान, काटक, त्याचीही बायको गेलेली, मुलगी माणगावला दिलेली. मी कोण ते सांगितलं.

"तुमच्या भावाच्या पायाबद्दल आलोय."

"मला भाऊ नाय."

"बरं. मग शेजाऱ्याच्या पायाबद्दल आलोय."

तो हसला नाही, पण कोयती थांबली. मी सगळं समजावलं. रोज सकाळी तळपाय बघायचा, ओल्या फडक्याने पुसायचा, बोटांच्या मधे बघायचं. लाल, काळं, फोड, भेग, काहीही दिसलं की मला फोन.

"आन् बोलायचं?"

इथे मी हुशारी केली. म्हटलं, "बोलायचं अजिबात नाही. तुम्ही पण नाही, त्यांनी पण नाही. ही माझी अट समजा."

त्याने कोयती कळकात रोवली आणि म्हणाला, "तो एक शबुद बोलला तर मी येनार नाय."

भिंतीपलीकडे जाऊन मी तात्यांना तेच सांगितलं. "तो येईल. तुम्ही तोंड उघडायचं नाही." तात्यांनी मान हलवली. परतीच्या एसटीत मी स्वतःवर खूश होतो. दवाखान्यात सगळ्यांना रंगवून सांगितलं, नऊ वर्षांचं भांडण कसं एका अटीत बसवलं ते.

आणि ते चाललं. महिन्याभराने मी सकाळी लवकर वाडीवर पोहोचलो तेव्हा स्वतः बघितलं. तात्या ओटीच्या कडेला बसलेले, पाय पुढे केलेला. लक्ष्मण गुरांचं आटोपून आला, खालच्या पायरीवर बसला, पाय हातात घेतला, पुसला, उजेडाकडे वळवून बघितला, खाली ठेवला आणि निघून गेला. वर एकदाही बघितलं नाही. तात्या समोरच्या डोंगराकडे बघत होते. पण मला दिसलं की त्यांनी सकाळीच अंघोळ करून धुतलेला शर्ट घातला होता. पाय दाखवायला शर्ट कशाला बदलायचा?  एकदा लक्ष्मणने त्यांची नखं कापलेली दिसली, एकदा खोबरेल तेलाची बाटली ओटीवर ठेवलेली.

दोन वर्षांत तीनदा मला फोन आला. रेंजसाठी तो खालच्या वळणापर्यंत उतरायचा. "पट्टीवाले, तांबडं हाय. रुपयाएवढं. टाचंच्या आतल्या अंगाला." निरोप इतका नेमका की शिकाऊ डॉक्टरांनी ऐकावा. तिन्ही वेळा जखम वरवरची असतानाच तात्या खाली आले आणि दहा-बारा दिवसांत बरे झाले. तो पाय वाचला. माझ्या नोकरीत मी ज्या पायांबद्दल छाती पुढे काढून सांगावं, त्यांत हा पहिला.

दोन महिन्यांतून एकदा मी रविवारी वर जायचो. माझी बायको तोवर वारली होती, मुलगी पुण्याला, घरी वाट बघणारं कुणी नव्हतं, तेव्हा हे काही फार मोठं समाजकार्य नव्हतं. सोबत शुगर मोजायचं छोटं यंत्र असायचं. तात्यांच्या बोटाला टोचायचो आणि आकडा मोठ्याने सांगायचो. मोठ्याने अशासाठी, की भिंतीपलीकडच्या ओटीवर लक्ष्मण काहीतरी काम काढून बसलेला असायचा, कान इकडे ठेवून. आकडा चांगला आला की तो उठून गोठ्यात जायचा.

आता जे लिहायचंय त्यासाठीच खरं तर मी हा लेख कबूल केला.

दुसऱ्या वर्षी लक्ष्मण वाळायला लागला. लेंग्याची नाडी आवळून आवळून कमरेला चुण्या पडलेल्या. मी बसलो असताना तांब्याभर पाणी घटाघटा प्यायचा, थोड्या वेळाने परत. "तहान फार लागते. ऊन हाय ना," म्हणाला. माघ महिना होता, थंडीने माझ्या अंगावर स्वेटर होता. रात्री चारदा उठावं लागतं, हेही त्याने बोलता बोलता सांगितलं. मी म्हटलं, "लक्ष्मणराव, बारीक झालात. कामं जरा कमी करा." आणि पायऱ्या उतरलो.

इतक्या वर्षांचा अनुभवी ड्रेसर मी. तहान, वारंवार लघवी, वजन घटणं हे तर शाळेतल्या भिंतीवरही लिहिलेलं असतं. शुगर घराण्यात चालते हे मी दिवसातून दहा लोकांना ऐकवायचो. सख्खा भाऊ समोर, त्यांची आई शेवटी आंधळी झाली होती हे तात्यांनी मला सांगितलेलं. यंत्र पिशवीत, त्याच्या पट्ट्या डबीत. भिंतीला वळसा घालायला वीस पावलं लागली असती. मी ती चाललो नाही. मला ते सुचलंच नाही, यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. जिथे जखम आहे तिथे बघायचं, एवढंच माझ्या डोळ्यांना वळण होतं. लक्ष्मणला जखम नव्हती. तो माझा पेशंट नव्हता, माझा माणूस होता.

त्याच वर्षी पावसाच्या तोंडावर वाडीतल्या एकाने जीपमधून लक्ष्मणला खाली आणलं. तापाने फणफणलेला, उजव्या पायाला फडकं. कुंपण करताना कळकाच्या चोयीचं धारदार टोक तळपायात गेलं होतं. फडकं सोडल्यावर पाय घोट्यापर्यंत काळानिळा. यंत्राला बोट लावलं तर आकडाच आला नाही, नुसती इंग्रजी अक्षरं आली. म्हणजे साखर यंत्राच्या मोजणीपलीकडे गेलेली. डॉक्टर धावपळ करत होते, सलाईन लावत होते, मोठ्या दवाखान्यात पाठवायची ॲम्ब्युलन्स बोलावली होती. मी त्याचा पाय मांडीवर घेऊन बसलो होतो.

"लक्ष्मणराव, रोज एक पाय बघत होतात. मग हा कसा नाही बघितला?"

"मला कुठं शुगर हाय?" तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी तो गेला. पाय कापायलाही वेळ मिळाला नाही, विष अंगभर पसरलं होतं.

त्यानंतरची नोकरीतली जी वर्षं होती त्यांत मी एक नवीन खोड लावून घेतली. डॉक्टरांची परवानगी घेतली आणि पेशंटसोबत जो येईल त्याचंही बोट टोचायला लागलो. भाऊ, बहीण, मुलगा, बायको, कोणीही. "माझं कशाला? मी तर यांना घिऊन आलेय," असं म्हणत बायका पदराखाली हात लपवायच्या. मी म्हणायचो, बोट दाखवल्याशिवाय तुमच्या माणसाची पट्टी होणार नाही. हे खोटं होतं, पण चालून जायचं. ज्यांना कळलं त्यांतले काहीजण फक्त भात कमी करून, रोज तासभर चालून आणि एखाद्या गोळीवर आजही ठीक आहेत. बाजारात भेटतात, तोंड भरून विचारपूस करतात. त्यांच्यापैकी एकालाही माझ्या खोलीत पाय घेऊन यावं लागलं नाही. एवढ्या वर्षांच्या नोकरीतलं माझं सगळ्यात चांगलं काम हेच, आणि त्यात पट्टी कुठेच नव्हती. ते मला इतक्या उशिरा का कळलं याचा मी अजून स्वतःला जाब विचारतो.

म्हणून तुम्हालाही सांगतो. घरात कुणाला शुगर असेल तर ती त्याची एकट्याची समजू नका. जो गोळ्या आणून देतो, जो पथ्याचं करून घालतो, जो हात धरून दवाखान्यात नेतो, त्याचंही बोट वर्षातून एकदा टोचून घ्या. दुखायची वाट बघू नका, कारण ते दुखत नाही.

माझी स्वतःची शुगर काठावर आहे. सकाळी तळ्याला चार फेऱ्या मारतो, मास्तरांसारख्या तारखेपुरत्या नव्हे. रविवारी मुलीचा व्हिडिओ कॉल येतो तेव्हा फोन पायाखाली धरतो. "बाबा, नीट धरा, मला फरशी दिसतेय," ती ओरडते. रोज बघायला हवा हे मलाच माहीत आहे. पण रोज फोन कर म्हणायला संकोच वाटतो, तिचं ऑफिस असतं, पोराची शाळा असते. बाकी सहा दिवस मी देवावर हवाला ठेवतो, आणि देव मी मानत नाही.

लक्ष्मणचं दिवसकार्य झाल्यावर मी वाडीवर गेलो होतो, ते तेवढं सांगायचं राहिलं. मुलगी माणगावला परत गेली होती. भिंतीपलीकडच्या घराला कुलूप. गुरं कुणीतरी नेली होती. तात्या आपल्या ओटीवर बसले होते. मी खालच्या पायरीवर बसलो आणि त्यांचा पाय हातात घेतला. पाय स्वच्छ होता. भेग नाही, लाली नाही, नखं कापलेली. ती नखं लक्ष्मणनेच कापली होती, त्याला आजारी पडायच्या आधी वेळ मिळाला होता.

"त्यानं पायाला फडकं बांदलं होतं," तात्या म्हणाले.

"तुम्हाला दिसलं?"

"तो खाली वाकून माझा पाय बगायचा, तवा त्याचा पाय माझ्या म्होरंच असायचा. मला बारीक नाय दिसत, पन पांढरं फडकं दिसतंय. सहा दिवस होतं."

माझ्या हातातला पाय मी तसाच धरून ठेवला. सहा दिवस. पहिल्या दिवशी एक फोन आला असता तर लक्ष्मण जगला असता. पहिल्या दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी तरी.

"मग विचारलं का नाही तात्या?"

ते म्हणतील, अट तुमची होती. ते ऐकायची मी तयारी ठेवली होती, लक्ष्मण गेल्यापासून मी ते स्वतःला रोज ऐकवत होतो. पण त्यांनी माझं नाव घेतलं नाही. ते भिंतीकडे बघत होते.

"तोंडापत्तूर यायचं," ते म्हणाले. "सहाच्या सहा दिवस आलं. पन म्हटलं, मी बोललो आन् उद्यापासून तो आलाच नाय तर?"